पडण्याची जागा

बन्सीमामांचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं आणि ते सगळं या क्षणी निशाच्या मांडीवर होतं.

ती बाथरूमच्या भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून फरशीवर बसली होती. मामा तिच्या मांडीवर, बारशाच्या बाळासारखे, तोंड दाराकडे करून. वॉकर दोघांच्या पुढ्यात चारी पायांवर ठणठणीत उभा होता. तिघांपैकी न पडलेला तो एकटाच.

“मामा, लागलं का?”

मामांनी हातापायांची हजेरी घेतली. “नाय. मऊ लागलं.”

“मग हलू नका. मी सांगते तसं उठायचं.”

पेशंट पडायला लागला तर त्याला वर ओढायचं नाही. आपण त्याच्या मागं जायचं, गुडघा पुढं घ्यायचा आणि त्याला आपल्या अंगावरून घसरत खाली येऊ द्यायचं. घरोघरी सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीच्या प्रशिक्षणात निशानं हे एका गादीवर, एका उशीला घेऊन केलं होतं. उशी दीड किलोची होती आणि तिनं पूर्ण सहकार्य केलं होतं.

आजही सगळं शिकवल्याप्रमाणं झालं होतं. फक्त प्रशिक्षणात ड्रम नव्हते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, त्यामुळं पुंडलिकनगरातल्या त्या बाथरूममध्ये माणसांपेक्षा ड्रमांची सोय जास्त होती. पडताना निशाचा उजवा हात दोन ड्रमांमधल्या फटीत गेला होता. हात बाहेर आला, पण मनगटातलं काहीतरी तिथंच राहिल्यासारखं वाटत होतं.

द्वारकाबाई हातातलं पीठ झटकत धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

“अगं बाई! पुन्हा त्याच जागी!”

त्यांच्या आवाजात काळजी होतीच. पण जरासा अभिमानही होता, आणि तो निशाला तशा अवस्थेतही ऐकू आला.

ती जागा प्रसिद्ध होती. बन्सीमामा एकतीस वर्षं ट्रक चालवत होते. घाट, धुकं, दारू प्यालेले समोरचे ड्रायव्हर, सगळ्यांतून सुखरूप आलेला हा माणूस जानेवारीत स्वतःच्या बाथरूममध्ये पडला आणि खुब्याचं हाड मोडून बसला, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. भेटायला आलेल्या माणसाला आधी चहा मिळायचा, मग जागा बघायला मिळायची. द्वारकाबाई वायपरच्या दांड्यानं दाखवायच्या. “इथं. डोकं तिकडं, पाय इकडं.” बघून गेलेल्यांपैकी तिघांनी आपापल्या घरातल्या फरश्या बदलल्या. एकानं तर बाथरूमचं दारच दुसऱ्या भिंतीत नेलं, आणि आता त्याच्या घरी अंघोळीला स्वयंपाकघरातून जावं लागे.

ट्रान्सपोर्टचे सेठ स्वतः येऊन गेले होते. सोबत त्यांनी पाय न घसरणारी निळी रबरी चटई आणली, सिस्टर म्हणून निशा लावून दिली आणि मामांच्या मुलीला, अमृताला, ट्रकच्या अड्ड्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घेतलं. घरी पडलेल्या ड्रायव्हरसाठी एवढं करणारा मालक गल्लीनं पाहिला नव्हता.

आज निशा घसरली ती त्याच चटईवरून. चटईच्या एका बाजूला रबराच्या बारीक वाट्या होत्या, त्या खाली फरशीला चिकटायला हव्यात. द्वारकाबाईंचं म्हणणं, एवढी खडबडीत बाजू कंपनीनं पायासाठी केली असणार, खाली घालून ती काय फरशीला दाखवायची? निशा रोज सकाळी चटई सुलटी करायची आणि द्वारकाबाई रोज धुऊन उलटी घालायच्या. महिनाभर हे दोन्हीकडून न बोलता चाललं होतं. आज सकाळी निशा बघायला विसरली.

*

मामांना खुर्चीत बसवून झाल्यावर निशानं हात पाहिला. मनगट भाकरीसारखं फुगत चाललं होतं.

“मावशी, काहीतरी सरळ अन् कडक द्या बांधायला.”

द्वारकाबाईंनी लाटणं आणलं. मग मुसळ आणलं. मग जरा विचार करून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. कॅलेंडर सेठच्या ट्रान्सपोर्टचं होतं, जाड कागदाचं. चार घड्या घालून हाताखाली धरल्यावर ते बेतात बसलं. वरून ओढणी गुंडाळली. एका घडीत अर्धा ट्रक दिसत होता आणि त्याच्या टपावर सेठचा हसरा चेहरा.

“रिक्षा सांगितली हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “घाटीत जा सरळ, सरकारी दवाखान्यात. फोटो काढ हाताचा.”

“आधी एजन्सीत कळवावं लागतं.”

एजन्सीचा समन्वयक प्रणय होता. वय चोवीस. फोन उचलताना तो नेहमी एजन्सीचं ब्रीदवाक्य म्हणायचा, पण निशाचं नाव दिसलं म्हणून त्यानं आज ते गाळलं.

“प्रणय, मी पडले.”



“पेशंट?”

“पेशंट ठीक आहेत. माझ्यावर पडले.”

“म्हणजे पेशंट पडला?”

“नाही. पेशंट बसले. पडले मी.”

“बरं झालं,” प्रणय म्हणाला. मग त्याला आणखी काहीतरी आठवलं असावं. “ताई, आज एकशे अठ्ठ्याण्णव आहे.”

निशाला माहीत होतं. ऑफिसात दारासमोरच पांढरा फळा होता, त्यावर ‘पडझडीविना दिवस’ असं लिहिलेलं आणि खाली आकडा. प्रणय रोज सकाळी देवाला उदबत्ती लावायचा आणि मग आकडा बदलायचा.

“परवा दोनशे. शहागंजातून फुगे आणलेत. केकवर आकडा टाकून झालाय, आता तो पुसता येत नाही. ताई, परवानंतर पडली असतीस ना, काही प्रश्नच नव्हता.”

“आधी सांगितलं असतं तर थांबले असते.”

“जाऊ दे आता,” प्रणय समजुतीच्या सुरात म्हणाला. “असं कर. घाटीत केसपेपरवर विचारतील, कुठं पडल्या. स्वतःच्या घरी सांग. मुकुंदवाडीचा पत्ता दे. मी तुझं नाव लिस्टमध्ये ठेवतो. हात बरा झाला की पहिली ड्युटी तुला.”

“आणि इथं पडले ते इथंच सांगितलं तर? ड्युटीवर लागलं तर उपचार एजन्सी करणार, असं ओळखपत्राच्या कार्डावर लिहिलंय.”

“लिहिलंय. लिहिलंय ते बरोबरच आहे.” प्रणयचा आवाज खाली गेला. “पण मग चौकशी. मग साहेब. मग पार्टीला फोन. पार्टी म्हणजे सेठ. नाव जातं ताई लिस्टमधून. मी काढत नाही. ते आपोआप जातं.”

 जूनमध्ये तिला एजन्सीत दोन वर्षं होणार होती. दोन वर्षं झाली की अनुभवाचं पत्र मिळतं, आणि ते पत्र नर्सिंगच्या प्रवेशाच्या अर्जाला लावायचं होतं. अर्ज भरून तयार होता. मुकुंदवाडीच्या खोलीत, आईनं, भामाबाईंनी, तो साड्यांच्या घडीत ठेवला होता, म्हणजे त्याला डांबराच्या गोळीचा वास लागला तरी कसर लागणार नाही.

एजन्सीच्या नोंदी पाहिल्या तर फळा लागल्यापासून एकही सिस्टर ड्युटीवर पडलेली नव्हती. सगळ्या आपापल्या घरीच पडल्या होत्या. रत्नमाला एका आजोबांना खाली आणताना जिन्यात पडली, तीही कागदावर स्वतःच्या घरच्याच जिन्यात. तिचं घर एका खोलीचं, पत्र्याचं. जिना लावला असता तर वर आभाळच होतं. ती गप्प राहिली, नाव लिस्टमध्ये राहिलं, आणि पहिल्या ड्युटीचा फोन काही आला नाही.

“आणि हो,” प्रणय म्हणाला, “मामांची एक क्लिप लागेल फाइलला. एक मिनिटाच्या आत. ‘मी सुरक्षित आहे आणि सिस्टर इथं पडल्या नाहीत.’ बस, एवढंच. घाटीत जायच्या आधी पाठव.”

*

क्लिप काढायची म्हटल्यावर द्वारकाबाईंच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी मामांना धुतलेला सदरा घातला. केस विंचरले. मग खुर्ची फिरवली.

“मागं देव घ्यायचे का कूलर?”

“काहीही घ्या मावशी, हात दुखायलाय.”

“देवच बरे. कूलरला गंज चढलाय.”

निशानं डाव्या हातात फोन धरला. मामांनी समोर पाहिलं. ते एरवी बोलके होते. रस्त्यावरच्या धाब्यांची, चेकनाक्यांची, एकदा केबिनमध्ये शिरलेल्या मोराची गोष्ट त्यांच्याकडून तिनं तीनतीनदा ऐकली होती. फक्त पडण्याची कधी ऐकली नव्हती. पाहुणे जागा बघायला उठले की मामा पंख्याकडं बघत बसायचे. निशाला वाटायचं, लाज वाटत असेल.

“माझं नाव बन्सी किसन काकडे,” मामा म्हणाले. “मी सुरक्षित हाय. सिस्टर…”

त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. ते थांबले.

“मामा, बोला ना.”

“परत घे.”

दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “सिस्टर पडली नाय.”

“‘इथं’ म्हणायचं मामा. सिस्टर इथं पडल्या नाहीत.”

“इथं.”

“पूर्ण वाक्य.”

“अहो, एवढं सोपं हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बघा. सिस्टर इथं पडल्या नाहीत. सिस्टर इथं पडल्या नाहीत. मी म्हणू का त्यांच्या बदली?”

तिसऱ्या वेळी मामा कॅमेऱ्याकडं बघायचे सोडून निशाकडंच बघायला लागले.

“माझं नाव बन्सी किसन काकडे. मी सुरक्षित हाय. इथं बाथरूममधी आजपर्यंत कुणीच पडलं नव्हतं.” त्यांनी निशाच्या हाताकडं बोट केलं. “सिस्टर, तू पहिली.”

निशाचा अंगठा आपोआप बटणावर गेला आणि रेकॉर्डिंग थांबलं.

“अहो!” द्वारकाबाई म्हणाल्या.

“अहो काय अहो. पोरीच्या हाताचे तुकडे झालेत.”

“तिच्या हाताचा अन् ह्याचा काय संबंध?”

“लई संबंध हाय,” मामा म्हणाले. “मी नाय पडलो तिथं, सिस्टर. मी गाडीवरून पडलो. अड्ड्यावर. सिल्लोडहून मका आली होती, ती दुसऱ्या गाडीत भरून पुढं न्यायची होती. पोती भरली, ताडपत्री टाकली, अन् मी वर चढून दोर ताणायलो होतो. दोर जुना. दिवाळीपासून नवा मागत होतो. सेठ म्हणायचे, बन्सी, दोर अन् ड्रायव्हर जुनाच बरा, त्याला गाडीची सवय असते.”

त्यांनी दोन्ही मुठी छातीशी आणून मागं ओढल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

“जोर लावला अन् तुटला. मागं काहीच नव्हतं. खाली आलो तरी हातात दोर होताच. सोडलाच नाय मी. तुटलेला दोर धरून काय उपेग, पण हाताला कुठं माहीत असतं?”

निशा खाटेच्या कडेला बसली. हा माणूस खाटेवर झोपत नव्हता. ऑपरेशननंतर जमिनीवर गादी चालत नाही, हे तिनं चारचारदा सांगितलं होतं, तरी रात्री तो द्वारकाबाईंना गादी खाली घालायला लावायचा. खाट उंच हाय, म्हणायचा. दीड फुटाची खाट. बाथरूममध्ये पडलेली माणसं पुढं सहा महिने दाराची चौकट धरून आत जातात. मामा मात्र बाथरूममध्ये गाणं गुणगुणत जायचे. महिनाभर रोज तिनं हे पाहिलं होतं आणि तिच्या काही लक्षात आलं नव्हतं.

“दवाखान्यात मुनीम आला,” मामा सांगत होते. “म्हणला, घरी पडलो म्हण. गाडीवरून म्हणशील तर चौकशी लागंल, धंदा बसंल. घरी म्हणलास तर सगळं बघतो. नाव ठेवतो, बरा झाला की बसून काम देतो, पोरीला नोकरी देतो. कागद वाचून पण दाखवला. मी सही केली.”

“मग बाथरूमची ती जागा?” निशानं विचारलं.

 द्वारकाबाईंनी पदर सारखा केला.

“लोकं विचारायची ना, कुठं पडले म्हणून. जागा दाखवावी लागती. आधी मी ड्रमाजवळचा कोपरा दाखवायचे. पण पाहुण्यात एक पोलीस होता, तो म्हणाला, इथं एवढा माणूस मावत नाय. म्हणून मग मधी घेतली.”

निशाला हसू आलं. हसण्यानं हात हलला, हात हलल्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी हसू थांबेना. न झालेल्या पडण्यासाठी चटई आली होती. खरं पडणं त्या चटईला महिन्याभरानं मिळालं.

“हसू नको, सिस्टर,” मामा म्हणाले. पण त्यांचाही चेहरा सैल झाला होता. “लाव परत. आता खरं सांगतो.”

निशाचं हसू ओसरलं.

“मामा, तुम्ही खरं सांगितलं तर माझं नाव जाईल.”

“व्हय.”

“जूनपर्यंत मला ते नाव पाहिजे.”

“माझं पण नाव ठेवलंय त्यांनी,” मामा म्हणाले. “दोन महिने झाले. नाव तिकडं अड्ड्यावर हाय अन् मी इथं गादीवर. दोघांची गाठ नाय.” ते थांबले. “पण तुझं तू बघ, पोरी. तू म्हणशील तसं बोलतो. तू म्हणलीस इथं पडली नाय, तर तसं म्हणतो. आता पाठ झालंय.”

फोन थरथरला. प्रणयचा मेसेज होता: क्लिप? आणि पुढं जोडलेले दोन हात.

निशानं मेसेजकडं पाहिलं. मग कॅलेंडरात बांधलेल्या हाताकडं. केसपेपरवरची ती रिकामी ओळ तिला दिसत होती. त्या ओळीवर मुकुंदवाडी लिहिलं की आईच्या खोलीचीही एक पडण्याची जागा होणार. कुणी विचारलं तर आईला ती दाखवावी लागणार. भामाबाईंना असलं जमलं नसतं. त्यांनी पाहुण्याला चहाच्या पहिल्याच घोटात सगळं सांगून टाकलं असतं आणि वर त्यालाच जेवून जा म्हटलं असतं.

“मावशी,” ती म्हणाली, “ह्या घराचा पूर्ण पत्ता काय? पिनकोडसकट सांगा. घाटीत लागेल.”

 द्वारकाबाईंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

“तुमचं दोघांचं ठरलं,” त्या म्हणाल्या. “अन् माझ्या अमृताचं? उद्या सेठनं तिला घरी बसवलं म्हणजे?”

 मामांच्या मुठी अजून मिटलेल्याच होत्या. त्या त्यांनी मांडीवर ठेवल्या.

द्वारकाबाईंनी फोन लावला. स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकू आल्यासारखं वाटत नसे, त्यामुळं अड्ड्यावरचे हॉर्न आणि कुणाच्या तरी शिव्या घरात आल्या.

“अमृता, तुझे पप्पा बिघडलेत.”

“काय झालं? पाय?”

“खरं बोलायचं म्हणायलेत.”

हॉर्न वाजत राहिले. मग अमृताच्या चपलांचा आवाज, आणि हॉर्न जरा लांब गेले.

“कुणापुढं?”

“फोनपुढं. सिस्टर पडली आज. लई मोठं सांगणं हाय, तुला घरी आल्यावर सांगते. तेवढं तुझं सांग. तुझी नोकरी हाय तिथं.”

“आई, इथं सगळ्यांना माहीत आहे.”

“काय माहीत हाय?”

“पप्पा कुठं पडले ते. लोडिंगवाल्यांनी त्या जागेवर जुनं टायर ठेवलंय. पहिल्या दिवसापासून. तिथं कुणी गाडी लावत नाही. सेठची गाडीपण वळसा घालून जाते, अन् सेठ विचारत नाहीत टायर कशाचं.” ती थांबली. “मी डबा तिथंच खाते. टायरावर बसून.”

मामांनी मान खाली घातली.

“टायरावर?” द्वारकाबाई म्हणाल्या. “कपडे काळे होत असतील ना गं.”

“खाली पेपर टाकते.”

“रोज?”

“रोज.”

 डब्यात आज काय होतं ते द्वारकाबाईंना माहीत होतं, कारण तो त्यांनीच भरला होता, तरी त्यांनी तेच विचारलं. अमृतानं वांगं म्हणून सांगितलं.

“आई, पप्पांना म्हणावं, सांगताना दोराचं विसरू नका,” ती म्हणाली. “अन् माझं काय ते बघता येईल. टायपिंग मला येतंच होतं, ते काही सेठनं शिकवलं नाही. ठेवते, हाक मारायलेत.”

फोन बंद झाला.  द्वारकाबाईंनी तो फ्रिजवर ठेवला आणि मामांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

“मग तारखेसकट सांगा,” त्या म्हणाल्या. “अर्धवट नका सांगू. तुम्हाला सवय हाय मधीच मोरावर जायची.”

*

“खुर्चीत नको,” मामा म्हणाले. “मला खाटेवर बसव. लोकं खाटेवरच्या माणसाचं ऐकतात.”

निशानं डाव्या बाजूनं धरलं, द्वारकाबाईंनी उजव्या. मामा वॉकर टेकत चार पावलं आले, वळले, मागं हात नेऊन खाटेची कड चाचपली. तिथं ते थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. निशा त्यांना म्हणाली, मागं खाट आहे मामा, मी हात लावून बघितलंय. मग ते बसले. बसल्यावर त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय फरशीला टेकलेले होते. त्यांनी अंगठे हलवून खात्री करून घेतली.

“सुरू करा,” निशा म्हणाली.

“माझं नाव बन्सी किसन काकडे. एकतीस वर्षं ड्रायव्हर. जानेवारीच्या अकरा तारखेला, सकाळी साडेसातला, मी मक्याच्या गाडीवरून पडलो.”

“मामा,” निशा फोनमागून हळूच म्हणाली, “आज मी पडले. ते सांगायचंय.”

“ते येतंच हाय. माझ्या पडण्यातूनच तुझं निघतं. लाईनीनं जाऊ दे.”

मामांनी दोर सांगितला. दिवाळी सांगितली. ताडपत्रीचा रंग सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. मिनिट झालं तेव्हा ते अजून गाडीवर चढत होते. निशाचा डावा हात भरून आला होता आणि फोन हलायला लागला होता. बाहेर रिक्षानं हॉर्न दिला.

“थांब रे, तिचीच भानगड चाललीय!” द्वारकाबाई दाराकडं ओरडल्या. मग त्या आल्या आणि निशाच्या हातातून त्यांनी फोन काढून घेतला. “दे इकडं. तू कशाला मागं उभी? जा, त्यांच्याजवळ बस. तुझं तू सांग.”

“मी?”

“मग कोण, मी पडले का?”

निशा खाटेवर जाऊन बसली. बांधलेला हात तिनं मांडीवर घेतला. मामांनी तिला जागा दिली, पण फार नाही, कारण कडेला सरकायला ते अजून तयार नव्हते. द्वारकाबाईंनी फोन उभा धरला, मग आडवा धरला, एक पाऊल मागं गेल्या, दुसरं गेल्या, फ्रिजला पाठ लागल्यावर थांबल्या आणि एक डोळा मिटून बघू लागल्या.

“जरा जवळ सरका,” त्या म्हणाल्या. “दोघं मावत नाय.”